दहाव्याची खुर्ची

माणिकशेठ दहाव्याला येणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या चिखलीत कुणी मेलं आणि शेठ दहाव्याला आले नाहीत, असं होत नाही. लग्नाला एखाद वेळी चुकतील, दहाव्याला नाही. लग्नात माणसं जेवणाकडं बघतात, दहाव्याला माइककडं. त्यात निवडणूक तोंडावर आलेली. घाटावर सतरंज्या शेठच्या, मंडप शेठचा, स्पीकर शेठचा, आणि पाठीवर शेठचं नाव रंगवलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्याही शेठच्याच. मरणाऱ्यानं फक्त मरायचं, बाकीचं शेठ बघतात.

दहावा माझ्या नवऱ्याचा होता. अर्जुनराव. ते होते तोवर मी त्यांचं नाव घेतलं नाही, आमच्या परभणीकडं बाया घेत नाहीत. आता मुद्दाम घेते. कुणाला विसरायला जागा नको.

मला शेठ यायला हवे होते. आणि एकदा आले की त्यांना तिथून हलू द्यायचं नव्हतं. आमच्या शेडची चावी त्यांच्याकडं होती आणि शेडमध्ये आमची मशिनं कोंडलेली होती. ती जागा शेठनी गोडाऊनवाल्यांना दिली होती, पुढच्या आठवड्यात तिथं त्यांचा जेसीबी लागणार होता. मशिनं तशीच राहिली असती तर भंगारात गेली असती, आणि भंगाराचा ठेकाही शेठचाच. माझ्या पोराच्या, नवनाथच्या हाताला दुसरं काही येत नाही, त्याचं पोट त्या मशिनांवर. म्हणून मला चावी पाहिजे होती. पण खोटं कशाला बोलू, नुसती चावी नको होती. त्या माणसानं माझ्या माणसाला जसं बसवून ठेवलं, तसं मला त्याला बसवायचं होतं.

आधीचं सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

शेठच्या जागेवर पत्र्याच्या शेडची रांग होती. त्यातली एक आमची, म्हणजे भाड्याची. आत दोन पॉवर प्रेस आणि एक लेथ. गाडीच्या सीटखाली लोखंडी ब्रॅकेट असतात ना, ते आम्ही ठोकायचो. चाकणची मोठी कंपनी काम देणार मधल्या कंपनीला, तिचं उरलेलं जाणार भोसरीच्या कारखान्यात, आणि त्यांनाही होत नाही ते येणार आमच्याकडं. मंदी आली तीसुद्धा त्याच वाटेनं आली. चाकणला आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग एक शिफ्ट गेली, मग कंपनीच आठवड्यातले काही दिवस कुलूप लावून बसायला लागली. आमच्यापर्यंत येईस्तोवर काही उरतच नव्हतं. मोशीपासून चिखलीपर्यंत ज्या त्या बिल्डिंगला रूम भाड्यानं देण्याच्या पाट्या लागल्या. टपरीवाला भरदुपारी बाकड्यावर झोपायला लागला. लातूर-नांदेडची पोरं बॅगा भरून गावाला गेली, तसे मी त्यांना द्यायची ते जेवणाचे डबेही निम्म्यावर आले. नवनाथ मोटरसायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायला लागला. सून स्वरूपा चाकणला पॅकिंगला जायची, तेही ठेकेदाराचा फोन येईल त्या दिवशी. आम्ही चहात दूध कमी केलं, भाजीत पाणी वाढवलं, आणि कुणी विचारलं तर बरं चाललंय म्हणलं.

टीव्हीवर एक पुढारी सांगायचा, मंदी नाहीच. दुसरा म्हणायचा, आहे, पण ती आधीच्यांनी आणलीय. अर्जुनराव टीव्ही बंद करायचे आणि म्हणायचे, "वरच्यांचं सोड. आपला माणूस आपल्या गल्लीत आहे. माणिकशेठ शब्दाचा पक्का आहे."

शेठवर त्यांचा जीवच होता. शेठचा वाढदिवस असला की हा माणूस नवीन शर्ट घालायचा, स्वतःच्या वाढदिवसाला कधी घातला नाही. मला लई राग यायचा. माझ्याकडं त्यांनी कधी तसं बघितलं असतं तर मीही चार निवडणुका त्यांच्या नावानं लढवल्या असत्या.

मंदी जोरात होती तेव्हा शेठनी शेडवाल्यांची सभा घेतली. माइकवर छातीला हात लावून म्हणाले, "जोवर ही मंदी आहे, तोवर माझ्या एकाही शेडला कुलूप लागणार नाही. हा माणिकचा शब्द आहे." अर्जुनरावांनी हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात माझ्या भावाचा सुप्याहून फोन आला होता. त्याच्या शेडमध्ये जागा होती, कामही थोडंफार होतं, मशिनं घेऊन या म्हणाला. अर्जुनराव ऐकेनात. "शेठनी शब्द दिलाय. आणि आपणच पळालो तर लोक काय म्हणतील?" वर गळ्यात शेठच्या पक्षाचं उपरणं घालून रांगेतल्या बाकीच्यांनाही थांबा थांबा सांगत फिरले.

मी म्हणलं, "शब्द माइकला दिलाय, तुम्हाला नाही."

"तुला राजकारणातलं काय कळतं," म्हणाले.

बाकीच्यांना कळलं. गोडाऊनवाले जागा बघून गेल्याची कुणकुण लागली तशी एकेकानं गुपचूप मशिनं हलवली. आमचे म्हणाले, अफवा आहे. दिवाळी झाली, भाऊबीज झाली, आणि एका सकाळी शेडला कुलूप. रांगेत फक्त आमच्याच शेडमध्ये सामान होतं. शेठवर विश्वास ठेवणारा एकटा माझा नवरा निघाला.

मग सुरू झालं संपर्क कार्यालय. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस रोज सकाळी शेठच्या ऑफिसात जायचा. दारातली माणसं म्हणायची, "बसा. शेठ मीटिंगमध्ये आहेत." ते लाल खुर्चीवर बसायचे. ऑफिससमोर वजीरभाईंचं चिकनचं दुकान होतं. त्यांची बायको ताहेरा माझी मैत्रीण, आमची घरं लागून. ती येऊन सांगायची, "भाभी, अर्जुनभाई दुपारीबी तिथंच होते. वजीरनी जेवायला बोलावलं तर उठेनात. म्हणतात, उठलो आणि तेवढ्यात शेठ आले तर?"

एके दुपारी त्या खुर्चीतच त्यांच्या छातीत कळ आली. वजीरभाईंनी समोरून पाहिलं. ऑफिसातल्या माणसांनी डॉक्टर बोलावला नाही, पाणी दिलं नाही. खुर्चीसकट उचलून त्यांना बाहेर आणलं आणि फुटपाथवरच्या बाकड्यावर आडवं केलं. खुर्ची परत आत नेली. वजीरभाई हातातली सुरी टाकून धावले, टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. नंतर ऑफिसवाले सगळ्यांना सांगत सुटले, रस्त्यात चक्कर येऊन पडले बिचारे. आणि शेठ कुठं होते? आतल्या खोलीत. एसी चालू होता.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'आमचे निष्ठावंत सहकारी, भावपूर्ण श्रद्धांजली.' त्यात अर्जुनरावांच्या फोटोपेक्षा शेठचा फोटो मोठा होता. मी त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि मला रडू येईना. अंगाची नुसती आग होत होती. तिथंच ठरवलं, दहाव्याला बघते.

आमच्या भागात दहाव्याचं कसं असतं ते सांगते. प्रवचन होतं, पुढाऱ्यांची भाषणं होतात, मग पिंड ठेवतात आणि सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की मेलेल्याचं मन शांत झालं म्हणून माणसं उठतात. नाही शिवला तर त्याचा जीव कशाततरी अडकलाय असं समजतात. मग घरचे, भावकीतले पिंडासमोर येऊन बोलतात, मुलांना सांभाळू, कर्ज फेडू, अमुक करू. माइकवर दिलेला शब्द सोडता येतो. पिंडासमोर दिलेला सोडायची आमच्याकडं कुणाची छाती होत नाही. शेठसारख्या जुन्या गाववाल्याची तर नाहीच नाही.

म्हणजे कावळा उशिरा आला पाहिजे, एवढंच जमवायचं होतं. आणि चिखलीचे कावळे कुणाच्या मागं फिरतात हे मला माहीत होतं. वजीरभाईंच्या दुकानातल्या आतडी-कातडीच्या ड्रमामागं.

ताहेराला सांगितलं तर ती घाबरली. "भाभी, हे तुमच्या धरमाचं काम. उद्या कुणाला कळलं की आम्ही कावळे अडवले, तर दुकान जाळतील लोक."

"कळणार नाही. पुलापलीकडं वीटभट्टीची पडीक जागा आहे, दहाव्याच्या सकाळी ड्रमातलं तिथं टाका, कावळे तिकडंच राहतील. तिथं टाकायला कुणाला जाब द्यायचाय?"

वजीरभाई आत बसून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "ताहेरा, मी त्याला बाकड्यावरून उचललंय. अंग गरम होतं अजून. मी टाकतो." त्यांनी आता दुकान चाकणला हलवलंय आणि तीच दोघं म्हणाली की सांगा, म्हणून हे सांगते आहे.

माझ्या भावालाही सुप्याहून बोलावून घेतलं. टेम्पो, चेन पुली, चार माणसं घेऊन तो शेडजवळ येऊन थांबणार होता. ताहेरा पुलाच्या कठड्याशी उभी राहणार होती. मी डोक्यावरचा पदर खाली घेतला की तिनं नवऱ्याला सांगायचं, पुरे.

झालं. दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर माणूस मावेना. कामं नव्हती, सगळे रिकामे. नवनाथचं मुंडण झालं, प्रवचन झालं, आणि शेठ आले. पांढरे कपडे, मागं चार गाड्या, फोटो काढणारा वेगळा. माझ्यासमोर येऊन हात जोडले. "वहिनी, माझा उजवा हात गेला." त्यांचा उजवा हात चांगला धडधाकट होता, त्यात तीन अंगठ्या होत्या.

मग माइकवर गेले. अर्जुनराव कसे निष्ठावंत, मंदीतसुद्धा कसे डगमगले नाहीत, आणि रस्त्यात चक्कर येऊन पडले तेव्हा आपण जवळ नव्हतो याचं कसं दुःख आहे. "त्यांचं कुटुंब ते माझं कुटुंब," म्हणाले आणि रुमाल डोळ्याला लावला. माझ्या पुढ्यातल्या दोन बाया खरंच रडल्या. मी पदर डोक्यावर घट्ट ओढला.

गुरुजींनी पिंड ठेवला. पत्रावळीवर भात, अर्जुनरावांना आवडायची ती शेवभाजी, स्टीलच्या पेल्यात चहा, तंबाखूची पुडी. सगळे मागं सरले आणि हात जोडून उभे राहिले.

आभाळात एक कावळा नव्हता.

आधी नवनाथ पुढं झाला. "बाबा, आईला सांभाळीन." काही नाही. मग दीर आले, घराकडं बघीन म्हणाले. काही नाही. ऊन चढायला लागलं. माणसं हळूहळू बोलायला लागली. दहाव्याला पिंडावर डोळा ठेवून राजकारण बोलायची आमच्याकडं रीतच आहे.

"मंदी म्हणतात, शेठच्या मागं नवीन गाडी दिसली मला."

"मंदी आपल्याला. त्यांना मंदीतच जागा स्वस्त मिळतात."

"कुणीबी निवडून दिला तरी तेच, भावा. निदान हा दहाव्याला तरी येतो."

"त्याला येऊ द्यायला आपण मरायचं का राव मग?"

शेठनी घड्याळ बघितलं. त्यांच्या माणसानं कानात सांगितलं, दिघीला अजून एक दहावा आहे. ते निघायच्या बेतात दिसले. पण तेवढ्यात चिमाबाई बोलल्या. चिमाबाई म्हणजे शेठची सख्खी चुलती, गावातली सगळ्यात जुनी बाई. शेठच्या ऑफिसाला लागून त्यांचं घर. शेठला नावानं हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलंय.

"माणक्या, कुठं निघाला? कावळा शिवल्याबिगर पाय काढतो व्हय?" मग माझ्याकडं वळल्या. "सुभद्रे, कशात आडाकलाय गं जीव त्याचा? तुला ठावं आसंल. बोल."

मी पुढं झाले. "शेडात अडकलाय, मावशी. मंदी असेस्तोवर कुलूप लागणार नाही म्हणून शेठनी शब्द दिला होता. कुलूप लागलं. मशिनं आत राहिली."

सगळी मुंडकी शेठकडं वळली. शेठ हसले. त्यांना हसायची सवय आहे. पिंडासमोर आले, हात जोडले आणि म्हणाले, "अर्जुनराव, निश्चिंत राहा. मी बघतो. एवढी निवडणूक होऊ द्या, सगळ्यांना बसवून मीटिंग लावू आणि मार्ग काढू. मी बघतो."

आणि माझं नशीब बघा. नेमका तेवढ्यात कावळा आला.

एकच. कुठून आला, वजीरभाईंचा ड्रम त्याला कसा दिसला नाही, देवाला माहीत. एका पायानं लंगडा, पंखाची पिसं गेलेली. पायरीवर उतरला आणि पत्रावळीकडं उड्या मारत निघाला. माणसांनी श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, आला बाबा एकदाचा. शेठनी डोळे मिटून हात अजून वर नेले, फोटोवाला पुढं सरकला.

म्हणजे 'बघतो'वर सुटले हे. माझ्या माणसाला खुर्चीत मारून, वर त्याच्याच पिंडाकडून पावती घेऊन दिघीला निघाले.

मी खाली वाकले, हाताला आला तो दगड उचलला आणि कावळ्याला हाणला.

लागला नाही, पण कावळा उडाला. घाट गारठला. नवनाथ "आई" म्हणाला. गुरुजी म्हणाले, "अहो बाई, हे काय करताय? पाप आहे हे."

"असू दे," मी म्हणलं. "जिवंत होते तोवर रोज 'बघतो' खाऊन उपाशी घरी यायचे. आता मेल्यावरसुद्धा तेच वाढताय? नाही जेवणार ते त्याच्यावर. मी जेवू देणार नाही."

शेठचा चेहरा उतरला. "वहिनी, तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो—"

"माझे मालक रस्त्यात पडले नाहीत. तुमच्या ऑफिसात पडले. तुमच्या ह्याच लाल खुर्चीत. तुमच्या माणसांनी उचलून त्यांना बाकड्यावर टाकलं, आणि तुम्ही आत होता."

"कोण म्हणतं?" शेठचा आवाज चढला. "कुणी बघितलंय? समोर आणा त्याला."

वजीरभाईंचं नाव मी मेले तरी घेणार नव्हते. वाटलं, संपलं आता.

"म्या बघितलंय," चिमाबाई म्हणाल्या.

हे मला माहीत नव्हतं, शप्पथ.

"वसरीवर बसले व्हते. खुर्चीसकट उचलून आणला, ह्या डोळ्यांनी बघितला. घरचंच माणूस म्हणून तोंड दाबून बसले. मला वाटलं, माणक्या दहाव्याला तरी खरं बोलंल. तू माइकवर काय बोलला रं? रस्त्यात पडला?" म्हातारी काठी टेकत पुढं आली आणि पिंडाशेजारी पायरीवर बसली. "आता चावी येईस्तवर हितं कावळा बी यायचा न्हाई आन तू बी जायचा न्हाई."

तिनं पदर हातात धरला आणि तोच लंगडा कावळा परत फिरकला तसं त्याला हुसकलं. मग आमच्या गल्लीतली तानुबाई उठली, मग पॅकिंगला जाणाऱ्या चार बाया उठल्या, आणि बघता बघता पिंडाभोवती बायांचं कडं झालं. माणसं मोबाइल काढून शूटिंग करायला लागली. शेठनी इकडं तिकडं बघितलं. आतापर्यंत दहाव्याला त्यांनी एवढे कॅमेरे कधी बघितले नव्हते, आणि ह्यातला एकही त्यांचा नव्हता.

ड्रायव्हरला चावी आणायला पाठवलं. चावी आली. शेठनी वाकून ती पत्रावळीशेजारी ठेवली आणि सगळ्यांनी ऐकलं असं म्हणाले, "शेड उघडा. सामान न्या. कुणी अडवणार नाही."

"आणि कुठं पडले?" मी विचारलं.

चिमाबाईंनी काठी आपटली.

"ऑफिसात," शेठ म्हणाले. "माझ्या ऑफिसात."

मी चावी उचलून स्वरूपाच्या हातात दिली. ती नवनाथच्या मित्राच्या मोटरसायकलवर बसून तशीच शेडकडं गेली. शेठनी रुमालानं मान पुसली. "झालं ना, वहिनी? आता येऊ द्या कावळ्याला."

बाया बाजूला झाल्या. आम्ही सगळे परत हात जोडून उभे राहिलो.

कावळा आला नाही. कुठून येणार? पुलापलीकडं वजीरभाई मूठ मूठ टाकत उभे होते. मला मशिनं टेम्पोत चढेस्तोवर शेठ इथंच पाहिजे होते. शेडच्या गेटवर एक फोन करून सगळं फिरवणारा माणूस तो. पण आता त्यांना जाताच येईना. एवढं बोलून झालं, पिंडासमोर चावी ठेवून झाली, आणि तरी कावळा शिवेना. माणसं त्यांच्याकडं बघायला लागली. अजून काय दाबून ठेवलंय ह्यानं? शेठलाही तेच वाटत असणार. त्यांचा चेहरा मी बघितला ना. खरंखुरं भ्याले होते. दिघीवाल्यांचा फोन आला तो त्यांनी कापला. पिंडासमोर जाऊन हळू आवाजात काहीबाही बोलून आले, काय ते मला ऐकू आलं नाही. परत उन्हात येऊन उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटला होता.

बायांनी हुसकल्यापासून तो लंगडा कावळासुद्धा परत आला नाही. एकदा मनात आलं, तोच अर्जुनरावांचा असला तर? भूक लागून आले असतील आणि मी दगड मारून हाकललं. मेल्यावर तरी वेळेवर जेवायला मिळावं की नाही माणसाला. सात जन्म नाही, हा एक जन्म त्यांच्याबरोबर काढला, आणि शेवटचा घास मीच अडवला. हे माझं मला फेडावं लागेल, फेडीन.

शेवटी स्वरूपाचा फोन आला. "आई, लेथ चढला, दोन्ही प्रेस चढले. मामा निघाले सुप्याला." मागं टेम्पोचा आवाज येत होता.

मी पुलाकडं बघितलं. ताहेरा कठड्याशी उभी होती, माझ्या डोक्याकडं डोळे लावून. काम झालं होतं. पदर खाली घ्यायचा, एवढंच उरलं होतं.

मी पदराला हात लावला. मग शेठकडं बघितलं. ते पायावरचा भार इकडून तिकडं करत उभे होते. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लेलं नव्हतं बहुतेक. मला अर्जुनरावांचा इस्त्रीचा शर्ट आठवला. मी पदर तसाच राहू दिला. मनात म्हणलं, धनी, तुम्हाला वाट बघायची सवय आहे. आजच्या दिवस माझ्यासाठी थोडी बघा.

मंडपातली एक लाल खुर्ची मी स्वतः उचलून आणली आणि शेठच्या मागं ठेवली. पाठीवर त्यांचंच नाव होतं. ते मटकन बसले. गाववाल्यांनी हे बघितलं आणि कुणी हसलं नाही.

"वहिनी," शेठ हात जोडून म्हणाले. ह्या वेळी फोटोवाला नव्हता. "अजून काय राहिलंय त्यांचं? कावळा का येत नाही?"

"बसा," मी म्हणलं. "मीटिंगमध्ये असेल."